गाडी का थांबते?

माझे वडील नाशिकच्या बाजारात हातगाडी ओढीत. ते शाळेत गेले नव्हते. गोण्यांनी भरलेली गाडी हलवताना ते पाय रोवून सारे अंग पुढे झोकीत. एकदा चाके फिरू लागली की त्यांचा श्वास जरा मोकळा होई. 'हलवायलाच खरा जोर लागतो,' असे ते म्हणत. उतारावर तीच गाडी आवरता आवरत नसे. जडत्व म्हणजे काय, हे आमच्या घराला असे ठाऊक होते. फक्त त्याला नाव नव्हते. शाळेत नाव मिळाले, पण ते घोकण्यापुरते. त्या नावाचा आणि वडिलांच्या गाडीचा काही संबंध आहे, हे मला कोणी सांगितले नाही.

आज मी पदार्थविज्ञान शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारतो : ढकलून सोडलेली गाडी का थांबते? उत्तर ठरलेले असते : 'जोर संपला म्हणून.' हे उत्तर चूक आहे, पण मूर्खपणाचे नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल हाही असेच मानी. त्याच्या मते प्रत्येक पदार्थाला विश्वात त्याची स्वाभाविक जागा आहे. दगडाची खाली, अग्नीची वर. दगडाला त्या जागेवरून हलवायचे तर सतत जोर लावावा लागतो. हे मत सुमारे दोन हजार वर्षे प्रबळ राहिले. ज्याची त्याची जागा निसर्गानेच ठरवली आहे, हा युक्तिवाद आपणही दुसऱ्या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे.

गॅलिलिओने ग्रंथाला विचारले नाही, वस्तूला विचारले. त्याने उतरत्या फळीच्या खोबणीतून गोळे सोडले. बारीक धारेने भांड्यात जमलेले पाणी तोलून वेळ मोजला. लागोपाठच्या समान कालखंडांत गोळ्याने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हे त्याने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले.

आपणही एक प्रयोग करू शकतो. पुठ्ठ्याच्या उतारावरून एकाच उंचीवरून गोटी सोडा. खाली आधी गोणपाट, मग फरशी, मग काच ठेवा. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकी गोटी लांब जाते. गोटी तीच, उतार तोच. मग थांबण्याचे कारण गोटीच्या स्वभावात की वाटेत? वाटेत. त्या अडवणुकीला घर्षण म्हणतात. अडथळा मुळीच नसेल तर गोटी त्याच वेगाने सरळ जात राहील. न्यूटनने १६८७ मध्ये हाच पहिला नियम म्हणून मांडला : बाहेरून बल लागल्याखेरीज स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहते. बल लागते ते गती टिकवायला नव्हे, बदलायला. सपाट रस्त्यावर वडील एका चालीने गाडी ओढीत तेव्हा त्यांचा जोर आणि घर्षण एकमेकांना तोलून धरीत. आणि वस्तू हलत नाही म्हणजे तिच्यावर बल नाही, असेही नव्हे. बले समतोल असतील.

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रामाच्या रथाची मिरवणूक होती. समेटानुसार स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून रथ ओढायचा होता. अस्पृश्यांचे हात लागण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला, दगडफेक झाली. दोरावर कोणाचे हात आहेत हे रथ विचारीत नाही. जोर किती आणि कोणत्या दिशेने, एवढेच त्याला कळते. विचारणारी माणसे होती.

मात्र न्यूटनचा नियम समाजाला लावू नये. माणूस म्हणजे गोटी नव्हे. त्याला इच्छा आहे, स्मृती आहे. समाजाकडे न्यायची ती प्रश्न विचारण्याची रीत : 'हा याचा स्वभावच' असे कोणी म्हटले की वाट बदलून पाहावी, मोजावे, आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी मान्य करावे. शेवटची अट आपल्यालाही लागू आहे.

हे सारे एकदा मी वडिलांना सांगितले. रस्ता अगदी गुळगुळीत असता तर गाडी थांबलीच नसती, असे म्हणालो. ते हसले : 'मग माझे पाय कशाला टेकले असते? घसरूनच पडलो असतो.' बरोबर होते. ज्या घर्षणाने गाडी अडते, त्याच्याच आधाराने माणूस ती ओढतो. ही गोष्ट मी वर्गात सांगायची विसरत असे. आता तिथूनच सुरुवात करतो.