दख्खनचा उन्हाळा आणि रंगीत निगेटिव्ह

हैदराबादच्या विद्यानगर भागात, उस्मानिया विद्यापीठाच्या आसमंतात, मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका बसावा इतके तापलेले असते, आणि न्हाणीघरात रंगीत रोल धुणाऱ्या मनुष्यास या गोष्टीचे जे महत्त्व वाटते ते इतरांना सहसा उमगत नाही. रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ नावाची जी पद्धती कोडॅक कंपनीने १९७२ मध्ये प्रचारात आणली, तिच्यात डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर असावा लागतो. मुदत सव्वातीन मिनिटांची, आणि तापमानात सूट पाव अंशाहूनही कमी. तिच्या आधीची सी-२२ पद्धती सुमारे २४ अंशांवर चाले, आणि कृष्णधवल फिल्मचा प्रमाण आकडा तर २० अंशांचा. तेव्हा ज्या प्रदेशात उन्हाळ्यात रोल धुण्यासाठी बर्फाची तजवीज करावी लागे, त्या प्रदेशाला ही नवी पद्धती जणू अनुकूल होऊनच आली. मात्र डिसेंबरात पहाटेचा पारा १५ अंशांखाली उतरला की तेच द्रावण टँकमध्ये ओतताक्षणी निवू लागते, आणि एकाच घरात, एकाच कंपनीच्या रसायनांनी, एकाच जातीच्या फिल्मवर दोन ऋतूंत दोन प्रकारचे रंग उमटतात. हौशी मंडळी याला फिल्मची लहर म्हणतात. मला हे मान्य नाही.

रंगीत फिल्मवर निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशास संवेदनक्षम असे थर एकावर एक असतात. प्रकाश लागलेल्या रजतलवणाची चांदी करताना डेव्हलपरच्या ज्या अंशाचे ऑक्सिडीकरण होते, तो थरात आधीच मुरवून ठेवलेल्या द्रव्याशी संयोग पावून पिवळा, किरमिजी वा निळसर-हिरवा रंग निर्माण करतो. या क्रियेचा शोध रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या थोडा आधी लावला. द्रावणाला वरच्या थरातून झिरपत तळच्या थरापर्यंत पोहोचायचे असते, म्हणून ते थंड असले किंवा टँक नीट हलवला गेला नाही तर तिन्ही थरांची वाढ समप्रमाणात होत नाही, आणि सावलीत एक झाक तर उजेडात तिच्या विरुद्ध झाक असे चित्र हाती येते, ज्यातली एक सुधारायला जावे तर दुसरी अधिकच बिघडते. चांदी काढून टाकणाऱ्या ब्लीच-फिक्स द्रावणाची कथा निराळी. ते द्रावण थकलेले असले तर निगेटिव्हमध्ये चांदी शिल्लक राहते आणि रंग मळकट, खरबरीत दिसतात, पण ताज्या द्रावणात रोल पुन्हा बुडवला की हा दोष बहुधा निघून जातो. डेव्हलपरने केलेली हानी मात्र कायमची असते. अर्ध्या भरलेल्या बाटलीतली हवा त्याचे सामर्थ्य मुकाट्याने खात असते. शिवाय बोअरच्या जड पाण्याने शेवटचे धुणे केले तर वाळलेल्या फिल्मवर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, म्हणून ते काम ऊर्ध्वपातित पाण्यानेच करावे.

घरी फिल्म धुण्याची परंपरा आपल्याकडे क्षुद्र नाही. त्रिरंगी छपाईचे शिक्षण घेतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या राहत्या बिऱ्हाडीच सिद्ध केला, आणि फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी घरचा स्वयंपाक सांभाळून केली. चित्र कृष्णधवल होते. पण धुण्याचा टप्पा स्वतःच्या नजरेखाली असल्यामुळे काय बिघडले व का बिघडले याचा जाब त्यांना जागच्या जागी घेता येत होता. याच्या उलट, १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' रंगात काढण्याचे साहस केले, तेव्हा फिल्म धुण्याचे व प्रती काढण्याचे काम जर्मनीत करवून घ्यावे लागले, त्यासाठी दिग्दर्शक व्ही. शांताराम स्वतः तिकडे गेले, आणि तरीही पडद्यावर रंग मनाजोगते उतरले नाहीत. त्या प्रयत्नाचे मोल मी कमी लेखत नाही. रंगाच्या क्षेत्रात हिंदी चित्रपटसृष्टीने टाकलेल्या आरंभीच्या पावलांत त्याची गणना होते. पण ज्याची कॅमेऱ्यावर हुकमत आहे त्याची रसायनावरही असावी, हे मला या दोन घटना शेजारी ठेवून पाहताना प्रकर्षाने जाणवते.

अलीकडे अनपेक्षित रंग उमटले की त्यांचे कौतुक करण्याकडे तरुण छायाचित्रकारांचा कल दिसतो. जांभळे आकाश सुंदर असू शकते, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु ते पुन्हा हवेसे वाटले तर कसे आणणार, या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते सौंदर्य त्या छायाचित्रकाराचे झाले असे म्हणता येत नाही. म्हणून विद्यानगरात, छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात जे कोणी घरी रोल धूत असतील, त्यांना माझी विनंती आहे: प्रत्येक रोलच्या पाकिटावर तारीख, ओतताना व काढताना द्रावणाचे तापमान, त्या बाटलीत आधी धुतलेल्या रोलांची संख्या आणि पाणी नळाचे की बोअरचे, एवढा तपशील शिसपेन्सिलीने लिहावा, आणि बिघडलेला रोलही त्याच्या नोंदीसह जपून ठेवावा.