अदिती अशोक

अदिती अशोक (जन्म : २९ मार्च, १९९८, बंगळूर, कर्नाटक) या भारतीय व्यावसायिक गोल्फ खेळाडू आहेत. लेडीज युरोपियन टूर या युरोपातील महिलांच्या प्रमुख व्यावसायिक मालिकेत विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. २०१६ च्या रिओ दि जानेरो ऑलिंपिकमध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या चौथ्या आल्या आणि त्यांचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले.

प्रारंभिक जीवन

अदिती यांचे बालपण बंगळूर येथे गेले. त्यांच्या घरात गोल्फची परंपरा नव्हती. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानालगतच्या उपाहारगृहात कुटुंब जात असे व तेथून सरावाचे मैदान दिसे. त्या कुतूहलातून वयाच्या पाचव्या वर्षी अदिती यांनी आपल्या आईवडिलांसह हा खेळ सुरू केला. आरंभी लहान मुलीला जमेल असा भाग म्हणजे हिरवळीवरून चेंडू हळुवार ढकलून खळग्यात घालणे, अर्थात पटिंग. हेच कौशल्य पुढे त्यांच्या खेळाचे मुख्य बलस्थान ठरले.

त्यांचे शालेय शिक्षण बंगळूरमधील फ्रँक अँथनी पब्लिक स्कूल येथे झाले. २०१६ साली, म्हणजे व्यावसायिक खेळाडू झाल्यानंतर, त्यांनी ते पूर्ण केले. वडिलांनी अनेक स्पर्धांत त्यांचे कॅडी म्हणून काम केले. कॅडी खेळाडूची साधने वाहतो, तसेच अंतर, वारा व हिरवळीचा उतार यांविषयी सल्लाही देतो. स्पर्धेच्या काळात मैदानावर खेळाडूला सल्ला देण्याची मुभा प्रायः त्यालाच असते.

हौशी कारकीर्द

२०११ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, अदिती यांनी कर्नाटक कनिष्ठ आणि दक्षिण भारत कनिष्ठ या स्पर्धा जिंकल्या. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या राष्ट्रीय कनिष्ठ विजेत्या होत्या. २०१४ मध्ये तर त्यांनी कनिष्ठ व वरिष्ठ अशी दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

याच काळात त्यांचा आंतरराष्ट्रीय प्रवास सुरू झाला. २०१३ ची आशियाई युवा क्रीडास्पर्धा, २०१४ ची नानजिंग युवा ऑलिंपिक स्पर्धा आणि त्याच वर्षीची इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धा यांत त्या खेळल्या. पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये खेळल्यावर या चारही स्पर्धांत भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय गोल्फ खेळाडू ठरल्या. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट रूल करंडक व ब्रिटिश महिला हौशी स्ट्रोक प्ले अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या.

व्यावसायिक कारकीर्दीचा आरंभ

गोल्फमध्ये हौशी व व्यावसायिक खेळाडू यांत स्पष्ट सीमारेषा आहे. हौशी खेळाडूला व्यावसायिक स्पर्धेत निमंत्रण मिळू शकते, परंतु व्यावसायिकांसाठीची बक्षिसाची रक्कम त्याला घेता येत नाही. मोठ्या मालिकेत नियमित खेळण्यासाठी त्या मालिकेचे सदस्यत्व लागते. ते मिळवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पात्रता स्पर्धा. तिला टूर स्कूल असे म्हणतात.

डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्को येथे झालेली लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा अदिती यांनी जिंकली. त्यावेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या. ही स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, तसेच सर्वांत कमी वयाच्या खेळाडू ठरल्या. १ जानेवारी, २०१६ पासून त्या व्यावसायिक झाल्या.

या निर्णयाला ऑलिंपिकची पार्श्वभूमी होती. रिओ येथे महिला गटात केवळ ६० खेळाडूंना प्रवेश होता आणि निवड जागतिक क्रमवारीवर आधारित होती. पहिल्या पंधरा क्रमांकांतील खेळाडूंच्या बाबतीत एका देशाला कमाल चार, तर उर्वरितांच्या बाबतीत कमाल दोन जागा होत्या. क्रमवारीतील गुण प्रामुख्याने व्यावसायिक मालिकांतून मिळतात. त्यामुळे निवडीची मुदत संपण्यापूर्वी, जुलै २०१६ पर्यंत, पुरेशा स्पर्धा खेळणे त्यांच्यासाठी आवश्यक होते. दोन जागांच्या मर्यादेमुळे प्रबळ देशांतील अनेक खेळाडू बाहेर राहिल्या, तर भारतासारख्या देशातील नवोदित खेळाडूला संधी मिळाली.

रिओ ऑलिंपिक, २०१६

रिओ येथे गोल्फचे ११२ वर्षांनंतर ऑलिंपिकमध्ये पुनरागमन झाले. महिलांची स्पर्धा तर १९०० नंतर प्रथमच होत होती. महिला गटात अदिती या एकमेव भारतीय व वयाने सर्वांत लहान स्पर्धक होत्या. त्यांचे कॅडी त्यांचे वडील होते.

७१ पारच्या मैदानावर त्यांनी पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी ६८ फटके घेतले. पार म्हणजे कुशल खेळाडूला मैदान पूर्ण करण्यास अपेक्षित असलेल्या फटक्यांची संख्या होय; तिच्यापेक्षा जितके कमी फटके, तितकी कामगिरी सरस. दुसऱ्या फेरीअखेर अदिती सहा अंडर पार होत्या आणि त्यांचे नाव पहिल्या दहांत होते. तिसऱ्या फेरीत मात्र त्यांना ७९ व चौथ्या फेरीत ७६ फटके लागले. एकूण २९१ फटक्यांसह त्या संयुक्त ४१ व्या स्थानी राहिल्या. दक्षिण कोरियाच्या इन्बी पार्क यांनी सुवर्णपदक जिंकले. निकालापेक्षा पहिल्या दोन दिवसांच्या खेळाने अदिती यांचे नाव गोल्फ न पाहणाऱ्या भारतीयांपर्यंतही पोहोचले.

पहिली विजेतेपदे

नोव्हेंबर २०१६ मध्ये गुरगाव येथील डीएलएफ मैदानावर झालेली हिरो महिला इंडियन ओपन स्पर्धा अदिती यांनी जिंकली. तीन फेऱ्यांत त्यांचे २१३ फटके, म्हणजे तीन अंडर पार, झाले. अमेरिकेच्या ब्रिटनी लिन्सिकम व स्पेनच्या बेलेन मोझो यांना त्यांनी एका फटक्याने मागे टाकले. लिन्सिकम या मेजर दर्जाच्या स्पर्धा जिंकलेल्या अनुभवी खेळाडू होत्या. लेडीज युरोपियन टूरवरील भारतीय खेळाडूचे हे पहिले विजेतेपद होय.

दोन आठवड्यांनी दोहा येथील कतार लेडीज ओपन जिंकून त्यांनी दुसरे विजेतेपद मिळवले. हंगामाअखेर त्या मालिकेच्या गुणवत्ता यादीत दुसऱ्या आल्या आणि त्यांना वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा सन्मान मिळाला.

२०१७ पासून त्या अमेरिकेतील एलपीजीए टूरवर खेळू लागल्या. त्यांच्या आधी १९९० च्या दशकात कोलकात्याच्या स्मृती मेहरा या मालिकेत खेळल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये अबू धाबी येथील फातिमा बिन्त मुबारक लेडीज ओपन जिंकून अदिती यांनी युरोपियन टूरवरील तिसरे विजेतेपद पटकावले. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

खेळाची शैली

अदिती यांचा टीवरून मारलेला पहिला फटका जागतिक स्तरावरील अनेक प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत आखूड असतो. अशा खेळाडूला हिरवळीकडे दुसरा फटका अधिक लांबून मारावा लागतो आणि लांबच्या फटक्यात अचूकता राखणे कठीण असते. ही उणीव त्या हिरवळीभोवतीच्या आखूड फटक्यांनी व पटिंगने भरून काढतात. तीनशे यार्डांचा फटका आणि तीन फुटांचा पट यांची गणना सारखीच, एक फटका अशी होते. त्यामुळे ताकदीची कसर हिरवळीवर काही अंशी भरून निघते. एलपीजीए टूरवरील मैदाने लांब असल्याने मात्र या शैलीची कसोटी लागते.

पुढील वाटचाल

टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानी असताना उतरल्या. स्पर्धेपूर्वी काही आठवडे त्यांना कोविड-१९ ची लागण झाली होती व त्यामुळे फटक्यांची लांबी घटली होती. या वेळी आई त्यांच्या कॅडी होत्या. ६७, ६६, ६८ व ६८ अशा फेऱ्यांसह त्यांनी १५ अंडर पार मजल मारली. अखेरच्या दिवशी वादळी हवामानामुळे खेळ काही काळ थांबला होता. अमेरिकेच्या नेली कोर्डा यांनी १७ अंडर पारसह सुवर्णपदक, तर १६ अंडर पारवर बरोबरीत असलेल्या जपानच्या मोने इनामी व न्यूझीलंडच्या लिडिया को यांनी अनुक्रमे रौप्य व कांस्यपदक मिळवले.

२०२३ मध्ये अदिती यांनी केनिया व स्पेन येथील स्पर्धा जिंकून युरोपियन टूरवरील विजेतेपदांची संख्या पाचवर नेली. त्याच वर्षी हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेत अखेरच्या फेरीपूर्वी त्यांच्याकडे सात फटक्यांची आघाडी होती. परंतु त्या फेरीत ७७ फटके लागल्याने त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. तरीही आशियाई स्पर्धेत गोल्फचे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही त्या खेळल्या.

सन्मान व महत्त्व

भारत सरकारने अदिती यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार दिला. त्यांच्यानंतर २०१९ मध्ये दीक्षा डागर यांनी लेडीज युरोपियन टूरवर विजेतेपद मिळवले. टोकियो येथे महिला गटात अदिती व दीक्षा अशा दोन भारतीय खेळाडू होत्या, तर पुरुष गटात अनिर्बान लाहिरी व पुण्याचे उदयन माने खेळले. रिओ येथे महिला गटात भारताची एकच खेळाडू होती. पाच वर्षांत ही संख्या दोनवर गेली.