हौसेचा कॅमेरा आणि घरचा हिशेब

मैत्रिणींनो, परदेशी जायचं ठरलं की पासपोर्ट हाती येण्याआधीच घरात याद्या सुरू होतात. कुणाला सेंट, कुणाला चॉकलेटं, कुणाला घड्याळ. आणि घरातल्या पुरुषमाणसाला फोटोची हौस असेल, तर एक वाक्य हमखास कानी पडतं, "कॅमेरा तिकडेच घेऊ, स्वस्त पडतो!"

आमच्याकडेही 2024 साली अगदी असंच झालं. लेक आणि जावई सिंगापूरला. आम्ही दोघं राहतो वाशिमला. हे नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पहाटे उठून एकबुर्जीच्या तलावाकडे पाखरं पाहायला जातात. कधी मित्रांबरोबर कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांच्या मागे उन्हातान्हात फिरतात. मोबाइलमध्ये काळवीट म्हणजे गवतातला एक ठिपका! तेव्हा मोठ्या लेन्सचा, चांगल्यातला कॅमेरा हवा, हे मलाही पटत होतं. सासूबाईंना मात्र मुळीच पटलं नाही. "मोबाइलनं बी फोटो निघतेच ना वं! मंग एवढ्या पैशाचा डब्बा कायले पायजे?" असा त्यांचा रोकडा सवाल.

पैसे होते दोघांच्या नावावरच्या मुदतठेवीत. हे म्हणाले, "तुझी सही पाहिजे फक्त." फक्त! त्या ठेवीत माझ्या भिशीचे, शिवणाचे, वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे होते. गच्चीची गळती काढायचं कामही त्याच पैशांवर ठेवलेलं. नाही म्हणावं तर माणसाची आयुष्यभराची हौस मोडते. हो म्हणावं तर पावसाळ्यात डोक्यावर पाणी. मी म्हटलं, "सही करते, पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू."

आता आमचा हिशेब ऐका. यांना हवा तो कॅमेरा मोठ्या लेन्ससकट आपल्याकडे 1,85,000 रुपयांना होता, आणि सिंगापूरला आपल्या पैशांत 1,60,000 ला. म्हणजे 25,000 वाचले? तिथेच तर आपण फसतो!

सिंगापूरच्या किमतीत तिथला 9 टक्के जीएसटी धरलेला असतो. प्रवाशाला तो विमानतळावर परत मागता येतो. 1,60,000 मध्ये हा कर होतो सुमारे 13,000. परताव्याचं शुल्क त्यातून कापलं जातं ते वेगळंच. इथवर फायदाच फायदा. पण मुंबईच्या विमानतळावर उतरलं की आपला कस्टम विभाग उभा. त्या वेळी लागू असलेल्या 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणे सिंगापूरहून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू जकात न भरता आणता येत. त्यावरच्या किमतीवर जकात आणि अधिभार मिळून 38.5 टक्के. आमच्या कॅमेऱ्याच्या उरलेल्या 1,10,000 वर झाले 42,350 रुपये! शिवाय परदेशात कार्ड वापरलं की बँक आपला अधिभार लावते. आमच्या कार्डाला तो 3 टक्के होता, म्हणजे आणखी 4,800. सगळी बेरीज-वजाबाकी करून तो 'स्वस्त' कॅमेरा 1,94,000 च्या घरात गेला. इथल्यापेक्षा नऊ हजारांनी महाग!

"मग असं करू," हे म्हणाले, "तुझे 50,000 आणि माझे 50,000, मिळून लाखाची सूट." वाटतं खरं सोपं, पण एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येत नाही, असं त्या नियमांतच स्पष्ट लिहिलेलं होतं. दोघांच्या दोन वेगळ्या वस्तू असतील तर गोष्ट निराळी; एकाच कॅमेऱ्याचे नवरा-बायकोत दोन तुकडे होत नाहीत.

आणखी एक सल्ला प्रत्येक ओळखीच्याकडून मिळतो. खोकं तिकडेच फेका, कॅमेरा गळ्यात अडकवा, आणि सरळ बाहेर पडा. मैत्रिणींनो, हे मात्र करू नका. गळ्यात अडकवल्यानं नवी वस्तू जुनी होत नाही. न सांगता आणलेली वस्तू जप्त होऊ शकते, वर दंड. चारचौघांत मान खाली घालायची वेळ येते ती वेगळीच. सुटीच्या मर्यादेपेक्षा जास्तीचं काही आणलं असेल, तर सरळ लाल मार्गानं जावं, पावती दाखवावी, जकात भरावी आणि ताठ मानेनं घरी यावं.

त्याच आठवड्यात आम्ही 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा 2009 सालचा मराठी चित्रपट पुन्हा पाहिला. परदेशातून कॅमेरा आणणारा आपला सगळ्यांत थोर माणूस कोण, तर दादासाहेब फाळके! त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके विम्याची पॉलिसी गहाण ठेवून 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे सिनेमा कसा काढतात ते पाहून घेतलं, पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा ठरवला आणि एप्रिलमध्ये परत आले. सामान मागाहून मे महिन्यात आलं, आणि सोबतच्या आकृतीवरून त्यांनी ते स्वतः जोडलं.

पण माझं लक्ष होतं सरस्वतीबाईंकडे. कॅमेऱ्याचे पन्नास पौंड ही तर सुरुवात होती. कोरी फिल्म, ती धुणं, नटमंडळी, त्यांचं जेवणखाण, हा सगळा खर्च पुढे उभाच. त्या फिल्मच्या कडांना भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, ती धुण्याचं कामही शिकून घेतलं. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे या बाईचे दागिने होते आणि हातही होते.

मला त्यातून दोन गोष्टी उमजल्या. कॅमेऱ्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर पुरी लिहिलेली नसते, ही एक. आणि घरचा पैसा ज्या वस्तूत जातो, ती वस्तू घरच्या बाईला कळली पाहिजे, ही दुसरी.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. बेतातला कॅमेरा जाण्याआधीच नागपुरात घेतला, पक्की पावती आणि इथली वॉरंटी पाहून. त्यामुळे प्रवासभर फोटो काढता आले. निघताना विमानतळावर कस्टमकडून त्याचं प्रमाणपत्र घेतलं, म्हणजे परतताना "हा तिकडे घेतला का?" असं कुणी विचारलं तर कागद हातात. आणि पाखरांसाठीची लांबची लेन्स तेवढी सिंगापूरला घेतली, आपल्या 42,000 रुपयांची. ती यांच्या सुटीत बसली, सिंगापूरचा करही परत मिळाला. गच्चीचे पैसे ठेवीतच राहिले. मी सही केली, ती हसत!

तुमच्याकडेही असा बेत शिजत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा:

* सुटीची मर्यादा आणि जकातीचे दर बदलत असतात. निघण्याआधी कस्टम विभागाचा त्या वेळचा आकडा पाहूनच हिशेब मांडा. आणलेली चॉकलेटं, खेळणी, भेटवस्तू याच मर्यादेत मोजल्या जातात.
* वॉरंटी भारतात चालते का, ते लेखी पाहा. पुष्कळदा ती घेतलेल्या देशापुरतीच असते. उद्या कॅमेरा बिघडला तर वाशिमहून सिंगापूरला कोण जाणार?
* जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या काही कॅमेऱ्यांत फक्त जपानी भाषा असते. दुकानातच सुरू करून पाहा.
* कर परत मिळण्याची सोय सगळीकडे नसते. दुबईत 5 टक्के कर परत मिळतो. ब्रिटनमध्ये लंडनच्या दुकानातून वस्तू बरोबर आणणाऱ्यांची ही सोय 2021 पासून बंद झाली.
* परताव्याच्या वेळी वस्तू दाखवायला सांगू शकतात. सामान आत देण्याआधी चौकशी करा.
* जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच ठेवायच्या, सामानात टाकायच्या नाहीत.

आता आमच्या घरी काय चाललंय, सांगू? रविवारी हे कॅमेरा साफ करतात आणि मी तो चालवायला शिकते. इतकी वर्षं माझं काम काय, तर फोटोत पदर सावरून उभं राहायचं! परवा अंगणात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ऊन सुपावर तिरपं पडलं होतं. मी गुपचूप एक फोटो काढला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मी अशी दिसतो व्हय वं? डब्बा काही वाईट नाही."

तेव्हा हौस जरूर करा, मैत्रिणींनो. फक्त सही करण्याआधी पेन्सिल हाती घ्या, आणि कॅमेरा घरी आला की तोही!