दहावीच्या आधीचा प्रश्न

शाळा चांगली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर बहुतेक दहावीचा निकालच असतो. त्यानंतर मुलं कुठे गेली, हे फारसं कुणी विचारत नाही. मेहकर-लोणारकडच्या खेड्यातली मुलगी चांगले गुण मिळवते आणि मैत्रीण जाते म्हणून त्याच शाखेत नाव घालते. हे शाळेचं यश मला तरी अर्धंच वाटतं.

राज्य मंडळाने २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली. शेती, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे तिच्यातून समजे. २०२० मध्ये करिअरची माहिती देणारं महाकरिअर पोर्टल आलं. पण कलचाचणीच्या निकालाचा कागद हातात दिला की मार्गदर्शन झालं, असं होत नाही. त्यावर मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणारं माणूस लागतं.

इंग्लंडमध्ये गॅट्सबी या संस्थेने २०१४ साली मांडलेल्या करिअर-मार्गदर्शनाच्या आठ निकषांत हेच आहे: प्रत्येक मुलाशी स्वतंत्र बोलणं, आणि शिकवण्याचा विषय कामाशी जोडणं. दुसरी गोष्ट आपल्याकडे उद्याच करता येईल. खामगावात चांदीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मिश्रधातूंचा धडा तिथल्या कारागिरासमोर बसून शिकता येतो. कपाशीच्या घरातल्या मुलाला टक्केवारी जिनिंगमधल्या रुईच्या उताऱ्यावरून शिकवावी. गणित कशाला, हे उमगलेला मुलगा वर्गात लक्ष देतो, शाळा बुडवत नाही. गुण त्यामागून येतात.