जयंतीचे रक्त मेअखेर संपते



रुग्णालयात नोकरी करत असताना दरवर्षी आम्हाला एक गोष्ट हमखास दिसायची. १४ एप्रिलनंतर रक्तपेढीचे फ्रीज भरलेले असत. विहारांत, चौकाचौकांत शिबिरे झालेली, आपल्या पोरापोरींनी रांगा लावून रक्त दिलेले. अभिमान वाटायचा. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच रक्तपेढीच्या दारात कुणाची तरी आई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ताटकळत असायची.

असे का होते? रक्त फार दिवस टिकत नाही. दिलेल्या पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे काढतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. तांबड्या पेशी ३५ दिवस, फार तर ४२. म्हणजे जयंतीला दिलेल्या तांबड्या पेशी २६ मेनंतर वापरता येत नाहीत. त्यातच कॉलेजे बंद, लग्नसराई, ऊन. शिबिरे जवळपास थांबतात.

विदर्भातल्या वाचकांना पुढचे ठाऊक आहे. सिकलसेल तिथे आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात जास्त आढळतो. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लेकरू वेदनेने तळमळते. दर वेळी रक्त चढवावे लागतेच असे नाही; पण अंगातले रक्त एकदम कमी झाले तर दुसरा इलाज नसतो. या रुग्णांना शासकीय रक्तपेढीत रक्त मोफत आहे. पिशवीच नसेल तर मोफत काय देणार?

म्हणून जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे, सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त देऊ नका. नावांची यादी करा. निम्म्यांनी जयंतीला द्यावे, निम्म्यांनी मेअखेर. पुरुषाला ३ महिन्यांनी आणि स्त्रीला ४ महिन्यांनी पुन्हा देता येते. जयंतीला दिलेला मुलगा जुलैच्या मध्यावर, मुलगी ऑगस्टच्या मध्यावर परत तयार. तेव्हा वर्षावास चालू असतो, ग्रंथवाचनाला सगळे विहारात येतातच.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त हवे. साधारण ३५० मिली रक्त घेतात. त्यातला पातळ भाग एकदोन दिवसांत भरून येतो, पेशींना काही आठवडे लागतात. उपाशीपोटी येऊ नका. सिकलसेलचे वाहक असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि बॅगा, मिक्सर वाटण्याची चढाओढ बंद करा. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो, ते रुग्णाच्या जिवावर बेतते.

मुलींबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. उत्साहाने येतात आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जातात. कुणी हसते, ती खजील होते, पुढच्या वर्षी येत नाही. आम्ही म्हणतो, त्या दिवशी सर्वांत मोठे काम तिचेच झाले, कारण अशक्तपणा कळला. तिचे नाव लिहून घ्या, आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या सुरू होईपर्यंत कुणीतरी ताई तिच्यासोबत जाऊ द्या.

मेचे शिबिर ठरवायचे तर मार्चमध्येच रक्तपेढीला पत्र द्या. मंडपापेक्षा विहाराचा हॉल बरा. सकाळी लवकर सुरू करा, आणि पिण्याचे पाणी भरपूर ठेवा.