हरकत कोणाची, मत कोणाचं?

महामार्गाबद्दल गावाचं मत काय, असं कोणी विचारलं की उत्तर बहुधा एका आकड्यात येतं: एकरी किती मिळणार. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, नाशिक, निफाड आणि सिन्नर अशा जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांतून झाली, तेव्हाही बोलणं मोबदल्याचंच चाललं. त्यात गैर काही नाही. द्राक्षबाग उभी करायला काय लागतं ते निफाडकरांना आम्ही सांगायला नको. पण त्याच दिवसांत एका वाटेकऱ्याने आम्हाला विचारलं, "सर, सातबारा माझ्या नावावर नाही, मग मला मतही नाही का?" आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला.

आधी कायदा पाहू. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर होतो. त्याचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राजपत्रातल्या तारखेपासून २१ दिवसांत लेखी हरकत घ्यायची. सक्षम प्राधिकारी सुनावणी घेतो. हरकत कोणी घ्यायची? ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याने. आता तोंडी बोलीवर मळा करणारा माणूस हितसंबंध कागदावर कसा दाखवणार?

२०१३चा भूसंपादन कायदा या बाबतीत जास्त उदार आहे. तो कुळाला, वाटेकऱ्याला, शेतमजुरालाही बाधित कुटुंबात धरतो आणि सामाजिक परिणामांचं मूल्यांकन करून जनसुनावणी घ्यायला सांगतो. मात्र याच कायद्याने महामार्गांचा अधिनियम चौथ्या अनुसूचीत टाकून वेगळा ठेवला. १ जानेवारी २०१५पासून मोबदला आणि पुनर्वसन महामार्गांना लागू झालं, परिणामांचं मूल्यांकन नाही. थोडक्यात, पैसे नव्या कायद्याने आणि विचारपूस जुन्या कायद्याने!

सिन्नर तालुक्यातलं शिवडे तुम्हाला आठवत असेल. समृद्धी महामार्गासाठी २०१६ साली जमीन एकत्रीकरणाची योजना आली आणि या गावाने ठाम विरोध केला. पुढे २०१७मध्ये सरकार पाचपट दराने थेट खरेदीवर आलं, आणि जमिनी दिल्या गेल्या. यावर शहरातली मंडळी म्हणतात, बघा, शेवटी प्रश्न पैशाचाच होता. आम्हाला हा निष्कर्ष उथळ वाटतो. ज्या माणसाला फक्त भाव विचारला, तो भावच सांगणार. रस्ता कुठून जावा, शेत आणि विहीर यांच्यामध्ये भराव आला तर पाइपलाइन कुठून न्यायची, यावर त्याचं मत बदललं की नव्हतंच विचारलं, हे त्या खरेदीखतावरून कळत नाही. आणि समृद्धीवर दुचाकीला, तिचाकीला बंदी आहे. जमीन दिलेल्या शेतकऱ्याची मोटारसायकल खालच्या मोरीतूनच जाणार.

अॅरिस्टॉटलने फार पूर्वी एक साधी गोष्ट मांडली. घर बरं की वाईट, हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं. आमचे एक अभियंता मित्र यावर चिडतात. म्हणतात, मग पुलाचं गणितही गावालाच विचारा! तसं नाही. गर्डर किती जाडीचा, हे गावाने सांगू नये. पण पाणी कुठवर चढतं, हे गाव सांगू शकतं.

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९, सायखेडा आणि चांदोरी दोन्ही पाण्यात. दारणा इथे जवळच गोदावरीला मिळते, खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा, त्यामुळे पाण्याला पसरायला हेच शिवार. त्यात पाणवेली वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात, आणि पूल म्हणजे जणू दुसरा बंधारा होतो. अशा सपाट मुलखात मोठ्या रस्त्याचा उंच भराव आला, तर मोऱ्या किती आणि कुठे, यावर कोणाच्या ओट्यापर्यंत पाणी येणार ते ठरतं. हे ज्ञान सातबाऱ्यावर नसतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईकडे ते असतं, कारण धान्याची कोठी माळ्यावर तिनेच चढवलेली असते. उपबाजारात कांदा घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे असतं. पूल बंद झाला की वळसा किती पडतो, हे त्यालाच विचारावं.

मग हे सांगायचं कुठे? दार आहे, बरं का, फक्त ते भूसंपादनाच्या कचेरीत नाही. २००६च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेप्रमाणे नव्या राष्ट्रीय महामार्गासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं; निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. हजेरीची किमान संख्या लागत नाही, म्हणजे चारच माणसं आली तरी सुनावणी होते आणि गाव बोललं असं धरलं जातं! तिथे उपस्थित कोणालाही बोलता येतं, आणि झालेल्या कामकाजाचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. तर त्या वाटेकऱ्याला आमचं उत्तर असं: हरकतीला तुझा कागद मागतील, या सुनावणीत मागणार नाहीत.

नुसतं "आमचा विरोध आहे" म्हणून मात्र बसू नये. ते एका ओळीत नोंदवून अधिकारी पुढे जातो. पाणी २०१९ला कोणत्या खांबापर्यंत होतं, शाळेची वाट कुठे तुटते, गुरं कुठून पलीकडे जातात, हे जागेसकट लिहून द्यावं. मोरी हवी तर ट्रॉली भरून जाईल एवढी उंच मागावी. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत आधी पाहायला ठेवतात. तो पाहायला जाल, तेव्हा सगळ्यात आधी एवढं शोधा: त्यात सायखेड्याचा पूर आहे का?