सगळीकडे एकच ईमेल आयडी देताय? 'मास्क्ड ईमेल' म्हणजे काय, तो कुठे वापरायचा आणि कुठे अजिबात नाही?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की शिरपूरमध्ये प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, एनएमआयएमएसचा कॅम्पस, फार्मसीचं शिक्षण यांमुळे आसपासच्या तालुक्यांतली मुलं इथे येतात. या दिवसांत एखादा विद्यार्थी आठवडाभरात किती ठिकाणी आपला ईमेल आयडी टाकतो, हे एकदा मोजून बघा.

सीईटी सेलचा फॉर्म, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, डिजिलॉकर. हे झालं सरकारी काम. मग 'तुमच्या पर्सेंटाइलवर कोणतं कॉलेज मिळेल' हे सांगणारी वेबसाइट, मोफत मॉक टेस्ट, हॉस्टेल शोधायचं ॲप, पहिल्या ऑर्डरवर सूट देणारं ऑनलाइन कपड्यांचं दुकान आणि इन्स्टाग्रामवर दिसलेली 'फ्री करिअर गाइड'ची पीडीएफ.

या सगळ्या ठिकाणी आयडी मात्र एकच. यातल्या पहिल्या तीन ठिकाणी खरा आयडी द्यायलाच हवा. बाकीच्यांना तो माहीत असण्याची काहीच गरज नसते. त्यांच्यासाठीच 'मास्क्ड ईमेल' नावाची सोय आहे.

ईमेल आयडी दिला तर बिघडतं काय?

'चार जाहिराती येतील, डिलीट करू' असं बहुतेकांना वाटतं. पण जाहिराती हा त्यातला सगळ्यात छोटा त्रास आहे.

पहिला धोका डेटा फुटण्याचा. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख युजर्सची माहिती चोरीला गेली. २०२० मध्ये अनअकॅडमी या शिकवणीच्या प्लॅटफॉर्मचा डेटा विक्रीला आल्याचं उघड झालं आणि सुमारे १ कोटी १० लाख विद्यार्थ्यांच्या ईमेलशी संबंधित माहिती बाहेर गेल्याचं कंपनीने मान्य केलं. त्याच वर्षी बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांचा डेटा फुटल्याची बातमी आली. २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या ऑर्डर्सची माहिती इंटरनेटवर चक्क शोधता येईल अशी मांडली गेली. त्यात नाव, ईमेल, मोबाईल नंबर आणि घरचा पत्ताही होता.

आता या चार याद्या शेजारी शेजारी ठेवा. तुमचा आयडी चारही ठिकाणी एकच असेल, तर कोणीही त्या जोडू शकतो. हा माणूस कुठे राहतो, काय खातो, कुठली परीक्षा देतोय, सगळं एका ओळीत येतं. त्यातल्या एका ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडेही वापरला असेल तर काम आणखी सोपं होतं. फुटलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी घेऊन ती शेकडो वेबसाइटवर लावून बघणं, ही चोरांची नेहमीची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगलवर जाहिरात देणाऱ्या दुकानदाराला आपल्या ग्राहकांच्या ईमेलची यादी अपलोड करता येते. त्यातला प्रत्येक आयडी 'हॅश' नावाच्या सांकेतिक रूपात बदलला जातो. हे अंगठ्याच्या ठशासारखं आहे. ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, पण दोन ठसे एकाच माणसाचे आहेत की नाहीत हे जुळवता येतं. तुम्ही दुकानात दिलेला आयडी आणि इन्स्टाग्रामचा आयडी एकच असेल, तर ठसा जुळतो. मग एका वेबसाइटवर बूट बघितले की ते तुमच्या फीडमध्ये मागे लागतात.

मग मास्क्ड ईमेल काय करतो?

पूर्वी पाड्यावर टपाल वेळेत पोहोचेल याची खात्री नसायची. तेव्हा पाकिटावर 'द्वारा अमुक किराणा स्टोअर' असं लिहिलं जायचं. पत्र दुकानात यायचं आणि बाजाराच्या दिवशी आलेला माणूस ते घेऊन जायचा. पाठवणाऱ्याला दुकानाचा पत्ता माहीत असायचा, घर कुठे आहे हे कळायचं नाही.

मास्क्ड ईमेल म्हणजे असाच 'द्वारा'चा पत्ता. फरक एवढाच की इथे प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी वेगळं दुकान उघडता येतं.

तुम्ही सेवेकडे नवा पत्ता मागता. ती अक्षरं आणि आकडे मिसळून एक पत्ता तयार करून देते. तो पत्ता तुम्ही वेबसाइटला देता. वेबसाइटची मेल आधी त्या सेवेच्या सर्व्हरवर येते आणि तिथून तुमच्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये ढकलली जाते. बऱ्याच सेवांमध्ये तुम्ही उत्तर दिलं तरी ते मास्कच्या पत्त्यावरूनच जातं. एखाद्या पत्त्यावर कचरा यायला लागला की तेवढा एक पत्ता बंद करायचा. बाकीचे चालू राहतात आणि खरा आयडी कोणाला कळत नाही.

यातून आणखी दोन फायदे होतात आणि ते फारसे कोणी सांगत नाही.

एक म्हणजे माहिती कुठून गळाली हे कळतं. मॉक टेस्टवाल्यांना दिलेला पत्ता तुम्ही दुसऱ्या कोणालाच दिला नव्हता. त्याच पत्त्यावर उद्या कर्जाची जाहिरात आली, तर तुमची माहिती कुठून बाहेर गेली हे शोधत बसावं लागत नाही.

दुसरा फायदा यापेक्षा मोठा आहे. खोटी मेल ओळखता येते. 'तुमची सीट अलॉट झाली आहे, आज संध्याकाळपर्यंत फी भरा' अशी मेल आली, पण ती कॉलेज प्रेडिक्टरला दिलेल्या मास्कवर आली, असं समजा. सीईटी सेलकडे तो पत्ता नाहीच. म्हणजे मेलवर लोगो कितीही खरा दिसो, ती खोटी आहे. कॅप राउंडच्या मुदतीच्या धावपळीत, फीचे पैसे हातात तयार असताना, ही एक खूण हजारो रुपये वाचवू शकते.

डिस्पोजेबल ईमेल वेगळा का?

दोन्ही शब्द एकत्र वापरले जातात, पण गोष्टी वेगळ्या आहेत.

डिस्पोजेबल म्हणजे वापरून फेकून द्यायचा पत्ता. '१० मिनिट मेल' नावाप्रमाणेच थोडा वेळ टिकतो. 'मेलिनेटर', 'गुरिल्ला मेल' या अशाच जुन्या सेवा. खातं काढावं लागत नाही, पेज उघडलं की पत्ता तयार.

पण मेलिनेटरचे मोफत इनबॉक्स सार्वजनिक असतात. त्या पत्त्याचं नाव ज्याला माहीत आहे किंवा ज्याला ते अंदाजाने सापडलं, तो तुमची मेल वाचू शकतो. पासवर्ड बदलण्याची लिंकही त्यात आली. म्हणून पुन्हा कधीच लॉगिन करायचं नाही अशा ठिकाणीच, म्हणजे एखादी पीडीएफ उतरवण्यापुरताच, हा पत्ता ठीक. अनेक वेबसाइट असे पत्ते ओळखून नाकारतात, हेही लक्षात ठेवा.

कुठे मिळतो?

डकडकगो ईमेल प्रोटेक्शन: मोफत आहे. डकडकगोच्या ॲपमधून किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या एक्स्टेंशनमधून सुरू करता येतं. 'डक डॉट कॉम'चे हवे तेवढे पत्ते मिळतात. मेल पुढे पाठवताना त्यातले ट्रॅकर, म्हणजे तुम्ही मेल कधी उघडली हे पाठवणाऱ्याला सांगणारी न दिसणारी चित्रं, काढून टाकली जातात. अँड्रॉइड फोनवर सुरुवात करायला हा सोपा पर्याय आहे.

फायरफॉक्स रिले: फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची सेवा. मोफत खात्यात ५ मास्क मिळतात.

सिंपललॉगिन: २०२२ मध्ये प्रोटॉन या स्विस कंपनीने ही सेवा घेतली. मोफत खात्यात १० पत्ते.

ॲपल हाइड माय ईमेल: आयफोनवर 'साइन इन विथ ॲपल' करताना ईमेल लपवण्याचा पर्याय २०१९ पासून आहे, त्याला पैसे लागत नाहीत. कुठेही वापरता येतील असे पत्ते हवे असतील, तर आयक्लाउड प्लसचं सबस्क्रिप्शन लागतं.

'जीमेलमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की झालं ना?' असं कोणी विचारेल. जीमेलच्या आयडीत @ च्या आधी + आणि एखादा शब्द लिहिला तरी मेल तुम्हालाच येते, हे खरं आहे. मेल वेगवेगळी लावायला ही युक्ती चांगली आहे. पण + पासूनचा भाग खोडला की मागे तुमचा खरा आयडी उरतो. याद्या गोळा करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. त्यामुळे याला मास्क म्हणता येणार नाही.

कुठे अजिबात वापरू नका?

ज्या ठिकाणी खातं हातातून गेलं तर वर्ष किंवा पैसे जातील, तिथे खरा आयडीच द्या. सीईटी आणि कॅपची नोंदणी, कॉलेज, विद्यापीठ, शिष्यवृत्ती, डिजिलॉकर, बँक, आयकर, पासपोर्ट, नोकरीचा अर्ज. कॅप राउंडमध्ये मिळालेली जागा ठरलेल्या मुदतीतच स्वीकारावी लागते. त्या दिवसांत पासवर्ड विसरलात आणि तो बदलण्याची लिंक दहा मिनिटांत संपलेल्या पत्त्यावर गेली, तर कोणाकडे दाद मागणार?

मास्क देणारी सेवाही बंद पडू शकते. 'स्किफ' नावाची खासगीपणासाठी नावाजलेली ईमेल सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन कंपनीने विकत घेतली आणि त्याच वर्षी ती बंद झाली. पत्ता गेला की त्यावर उघडलेल्या खात्यांच्या चाव्याही जातात.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकसाठी मास्क वापरायचा असेल तर तो कायमचा ठेवा, टू-फॅक्टर सुरू करा आणि बॅकअप कोड लिहून ठेवा. मास्क डिलीट करण्याआधी त्या खात्यातला ईमेल बदला.

आणि मास्क म्हणजे अदृश्य होणं नव्हे. मधल्या सेवेला तुमचा खरा आयडी माहीत असतो आणि मेल तिच्याच सर्व्हरवरून जाते. म्हणून विश्वासाची सेवा निवडायची. कोणाला त्रास देण्यासाठी खोटं खातं काढणाऱ्याला मास्क वाचवत नाही, कायदेशीर मागणी आली की माग काढता येतो.

मोबाईल नंबरचं काय?

खरं दुखणं इथे आहे. आपल्याकडे ईमेलपेक्षा मोबाईल नंबर जास्त मागितला जातो आणि ईमेलवरचा मास्क नंबर लपवत नाही. फायरफॉक्स रिलेचे फोन मास्कही भारतात मिळत नाहीत. दोन याद्यांमध्ये नंबर एकच असेल, तर ईमेल वेगळा असूनही त्या जुळतात.

म्हणून फॉर्ममध्ये नंबरच्या रकान्यापुढे लाल फुली नसेल तर तो रिकामा सोडा. दुकानात बिल करताना नंबर मागितला तर 'कशाला?' असं विचारा. ग्राहकांनी नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असा आग्रह धरू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना केली आहे.

कायदा काय सांगतो?

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात. दिलेली संमती मागे घेणं, आपली माहिती पुसायला सांगणं हे हक्क त्यात आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. बारावीतली बरीच मुलं १७ वर्षांची असतात, त्यामुळे पालकांनीही हे माहीत करून घ्यायला हवं. पण कायदा माहिती गेल्यानंतर दाद मागायला उपयोगी पडतो. फुटलेली यादी तो परत आणत नाही.

सुरुवात कशी करायची?

१. 'हॅव आय बीन पोन्ड' या वेबसाइटवर आपला ईमेल टाकून बघा. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली. तुमचा आयडी कोणत्या फुटलेल्या याद्यांमध्ये आहे, ते तिथे कळतं. यादीत नाव दिसलं तर त्या ठिकाणचा आणि तोच जिथे जिथे वापरला असेल तिथला पासवर्ड आजच बदला.

२. खरा आयडी फक्त सरकारी काम, बँक, कॉलेज आणि नोकरीसाठी राखून ठेवा.

३. वरच्यापैकी एक सेवा निवडा आणि पुढच्या नव्या वेबसाइटपासून मास्क द्यायला लागा. जुनी खाती सवडीने बदला.

४. कोणता मास्क कोणाला दिला, याची नोंद ठेवा. बऱ्याच सेवांमध्ये पत्त्यापुढे टीप लिहायची सोय असते.

५. खोट्या मेलला बळी पडून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

घरात यंदा कोणी बारावीला असेल, तर फॉर्म भरायला बसण्याआधी दहा मिनिटं काढून हे करून द्या. प्रवेशाच्या दिवसांत त्याच्या खऱ्या इनबॉक्समध्ये फक्त कामाचीच मेल येईल आणि ती वेळेवर दिसेल.